उतरलेल्या पापणीचं ऑपरेशन: धोके कोणते, आणि ते आधीच कसे हेरायचे

वरची पापणी खाली उतरून डोळा अर्धा झाकला जातो, त्याला डॉक्टर टोसिस म्हणतात. ती वर घेण्याचं ऑपरेशन ऐकायला किरकोळ वाटतं: तासाभराचं काम, मोठ्या माणसांना बहुधा जागेपुरती भूल, आणि संध्याकाळी घरी. भीती असते ती एकच, डोळा तर जाणार नाही ना? तो धोका खरा आहे, पण फार क्वचित घडणारा. प्रत्यक्षात गाऱ्हाणी येतात ती वेगळीच. एक पापणी कमी उचलली गेली, डोळा पूर्ण मिटत नाही, सकाळी वाळू गेल्यासारखं टोचतं, फोटोत दोन डोळे दोन तऱ्हेचे दिसतात. यातल्या बऱ्याच गोष्टींचा अंदाज ऑपरेशनआधीच्या तपासणीत येऊ शकतो, म्हणून या लेखातही जास्त जागा त्या तपासणीलाच दिली आहे.

पायरी १: पापणी का उतरली, हे आधी नक्की करा

पापणी उचलणारा मुख्य स्नायू म्हणजे लिव्हेटर. त्याच्या जोडीला म्युलर नावाचा छोटा स्नायू असतो, तो साधारण २ मिलिमीटरची उचल देतो. वयानुसार लिव्हेटरचा पडद्यासारखा पातळ कंडरा सैल होतो किंवा आपल्या जागेवरून सुटतो, आणि पापणी खाली येते. मोठ्यांमध्ये हेच कारण सर्वाधिक आढळतं. वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही ते दिसतं. या प्रकारात ऑपरेशनचा निकाल सहसा चांगला लागतो.

बाकीच्या कारणांत मात्र घाईने ऑपरेशन करणं हाच मोठा धोका असतो.

मायस्थेनिया या आजारात नसेकडून स्नायूला जाणारा संदेश कमी पडतो आणि स्नायू लवकर थकतो; त्यामुळे सकाळी पापणी ठीक असते आणि संध्याकाळपर्यंत उतरते. कधी डावी, कधी उजवी. यासाठी ओपीडीत एक साधी चाचणी करतात. मिटलेल्या पापणीवर २ मिनिटं बर्फाची पिशवी ठेवायची आणि लगेच मोजायचं. पापणी २ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वर आली, तर मायस्थेनियाचा संशय बळावतो आणि रक्ततपासणी, न्यूरोलॉजिस्ट हा रस्ता धरावा लागतो. हा आजार न ओळखता पापणी उचलली, तर पुढे औषधांनी स्नायू सुधारल्यावर ती नको इतकी वर जाऊ शकते.

मधुमेहात कधी कधी डोळ्याची हालचाल करणारी, मेंदूतून निघणारी तिसरी नस अचानक दुबळी होऊन पापणी पडते. ती बऱ्याचदा तीनेक महिन्यांत आपोआप सुधारते. नसेच्या दुखण्यात ऑपरेशनचा विचार करण्याआधी निदान ६ महिने थांबण्याची पद्धत आहे. शिवाय डोळा तिरळा झालेला असेल, तर उतरलेली पापणी त्याला झाकून ठेवत असते. ती वर केली की एकाचे दोन दिसू लागतात. अशा रुग्णात तिरळेपणाचा बंदोबस्त आधी, पापणी नंतर.

बोटॉक्सच्या इंजेक्शननंतर उतरलेली पापणी काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत परत येते. तिला सुरी लावायचं कारण नाही.

काही वेळा पापणी उतरलेलीच नसते. वरची कातडी सैल होऊन पापणीवर लोंबते, किंवा भुवईच खाली आलेली असते. थायरॉइडच्या विकारात एक डोळा जास्त उघडा राहतो, त्याच्याशेजारी दुसरा विनाकारण झोपाळू दिसतो. चुकीच्या निदानावर केलेलं ऑपरेशन कितीही सफाईदार असलं, तरी उपयोगाचं नाही.

पापणी कधीपासून उतरली, हे आठवणीवर सोडू नका. लग्नाचा अल्बम, जुनं लायसन्स, आधारवरचा फोटो असं जे हाताला लागेल ते तपासणीला घेऊन जा. तुमच्या तोंडच्या "वर्षभर झालं असेल" पेक्षा दहा वर्षांपूर्वीचा पासपोर्टचा फोटो डॉक्टरला जास्त सांगतो.

तातडीची लक्षणं. पापणी अचानक पडली आणि सोबत बाहुली मोठी झाली, तीव्र डोकेदुखी सुरू झाली किंवा दोन दोन दिसू लागलं, तर पापणीच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेत बसू नका. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आल्याचं ते लक्षण असू शकतं. पापणी थोडी उतरली, त्याच बाजूची बाहुली बारीक झाली आणि मान दुखते आहे, तर मानेतल्या रक्तवाहिनीचा पदर फाटलेला असू शकतो. दोन्ही वेळा थेट मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा.

पायरी २: मापं घेतली जातात का, ते बघा

चांगली तपासणी कशी दिसते ते सांगतो, म्हणजे झाली की नाही हे तुम्हाला कळेल. डॉक्टर तुमच्यासमोर टॉर्च धरतात. बाहुलीत उजेडाचा ठिपका दिसतो, तिथपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर छोट्या पट्टीने मोजतात. निरोगी डोळ्यात हे साधारण ४ ते ५ मिलिमीटर असतं. मग अंगठ्याने तुमची भुवई कपाळावर घट्ट दाबून धरतात आणि सांगतात, "खाली बघा... आता डोकं न हलवता वर बघा." या वेळात पापणीची कड किती सरकली, ते पट्टीवर वाचतात. भुवई दाबायची कारण उतरलेल्या पापणीचा माणूस नकळत कपाळाने पापणी ओढत असतो आणि आकडा फसवा येतो.

या दुसऱ्या आकड्यावर बाकी सगळं ठरतं. पापणी १२ मिलिमीटर किंवा जास्त सरकली, तर स्नायूत जोर उत्तम आहे. ८ ते ११ ठीक, ५ ते ७ मध्यम, ४ किंवा कमी म्हणजे दुबळा. स्नायू जितका दुबळा, तितकं मोठं ऑपरेशन आणि तितकी डोळा उघडा राहण्याची शक्यता जास्त. केसपेपरवर हा आकडा लिहिलेला नसेल, तर मागून घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मापांच्या आधी काही दिवस त्या बंद ठेवायच्या असतात. किती दिवस, ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

आणखी एक गोष्ट याच वेळी बघून घ्यायची असते. दोन्ही पापण्यांना मेंदूकडून सारखाच हुकूम जातो. एक उतरली की मेंदू दोघींना जास्त जोर लावायला सांगतो, त्यामुळे दुसरी मुळात थोडी उतरलेली असूनही ठीक दिसते. ऑपरेशननंतर जादा जोराची गरज संपते आणि "चांगली" पापणी खाली येते. रुग्णाला वाटतं, डॉक्टरांनी दुसरा डोळा बिघडवला. उतरलेली पापणी बोटाने उचलून धरली किंवा फेनिलेफ्रिनचा (म्युलर स्नायूला चेतवणाऱ्या औषधाचा) थेंब घालून वर आणली, आणि दुसरी खाली येते का ते पाहिलं, तर हे आधीच कळतं. मग दोन्ही डोळ्यांचं एकदमच करायचं का, हे शांतपणे ठरवता येतं.

पायरी ३: डोळा हे ऑपरेशन सोसेल का?

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि घाईच्या ओपीडीत नेमकी हीच राहते.

पापणी वर गेली की बुबुळाचा जास्त भाग हवेला उघडा पडतो. पापणी मिटणं थोडं कमी होतं, डोळ्यातलं पाणी लवकर सुकतं. आधीच कोरड्या डोळ्यात त्याने बुबुळाला ओरखडे पडतात, जखम होते, क्वचित तिथे जंतुसंसर्ग होऊन डाग राहतो आणि नजर जाते. म्हणून या चार गोष्टी बघितल्या गेल्या पाहिजेत: अश्रू पुरेसे आहेत का (कागदाची पट्टी लावून मोजतात), डोळे मिटल्यावर बुबुळ वर सरकतं का, बुबुळाला स्पर्श कळतो का, आणि डोळा पूर्ण मिटतो का. मिटल्यावर बुबुळ वर सरकणं ही निसर्गाची ढाल आहे. ती नसेल, तर पापणी थोडी खालीच ठेवणारा सर्जन चांगला समजा.

यातला एक भाग घरी करता येतो. तुम्ही गाढ झोपलेले असताना घरच्या कुणाला तरी मंद उजेडात तुमचे डोळे बघायला सांगा. फट राहत असेल तर मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. चष्म्याचा नंबर घालवण्याचं लेझर ऑपरेशन झालं असेल, तोंड सतत कोरडं पडत असेल, एकदा चेहऱ्याचा लकवा होऊन गेला असेल, तर हे न विचारताच सांगा.

पायरी ४: तुमच्या वाट्याला कुठलं ऑपरेशन, आणि त्याचा धोका कुठला

सगळ्या पद्धतींचे धोके एकसारखे नसतात. ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

स्नायूत जोर असेल तर लिव्हेटर आवळतात. पापणीच्या घडीत छेद देऊन सैल कंडरा पुढे ओढून टाके घालतात. व्रण घडीत लपतो. इथली मुख्य जोखीम उंचीची: कमी उचल, जास्त उचल, किंवा पापणीच्या कमानीला मध्येच टोक येणं. पापणीची घडी दोन्हीकडे सारखी न होणं हेही त्यातच. छेदाखालचा पापणीचा भाग आणि केसांची मुळं काही आठवडे, कधी काही महिने बधिर राहतात. हे कुणी आधी सांगत नाही आणि काजळ घालताना लक्षात आल्यावर माणूस घाबरतो. बहुतेकांत संवेदना परत येते.

पापणी थोडीच उतरली असेल आणि फेनिलेफ्रिनच्या थेंबाने वर येत असेल, तर पापणी उलटून आतून म्युलर स्नायूचा तुकडा कमी करतात. बाहेर व्रण नाही, निकालाचा अंदाज बऱ्यापैकी येतो. पण आतला टाका बुबुळाला घासू शकतो. ऑपरेशननंतर डोळा उघडताना दर वेळी टोचत असेल, तर "होईल कमी" म्हणून बसू नका, दाखवा.

स्नायू अगदीच दुबळा असेल, विशेषतः जन्मजात टोसिसमध्ये, तर पापणी कपाळाच्या स्नायूला आतून दोरीसारख्या पट्टीने जोडतात. मग माणूस भुवई उचलून डोळा उघडतो. पट्टी सिलिकॉनची असते किंवा रुग्णाच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या चिवट पडद्याची. सिलिकॉन काढता येतं, सैल-घट्ट करता येतं, पण ते बाहेर येण्याचा, तिथे पू होण्याचा किंवा पुढे पापणी पुन्हा उतरण्याचा धोका राहतो. मांडीचा पडदा जास्त टिकतो. त्याच्या बदल्यात मांडीवर व्रण, काही दिवस दुखणं. या ऑपरेशननंतर झोपेत डोळ्याला फट राहणं आणि खाली बघताना पापणी वरच अडकल्यासारखी दिसणं हे जवळजवळ ठरलेलंच आहे. याला गुंतागुंत म्हणायचं नाही, सौद्याचाच भाग म्हणायचा. कुटुंबाने ते आधी ऐकलेलं असावं.

पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण पद्धतीप्रमाणे आणि रुग्णांच्या निवडीप्रमाणे बदलतं. शंभरात पाचपासून वीसपर्यंत आकडे वैद्यकीय नोंदींत सापडतात. "शंभर टक्के सारखं करून देतो" असं म्हणणाऱ्यापासून दोन हात लांब राहिलेलं बरं. दोन पापण्यांत एक मिलिमीटरच्या आतला फरक हा चांगलाच निकाल मानतात.

ऑपरेशन नकोच असेल तर? चष्म्याच्या फ्रेमला पापणी पेलणारी तार बसवून घेता येते. ऑक्सिमेटाझोलिन ०.१ टक्का या थेंबांना अमेरिकेत २०२० मध्ये मोठ्यांच्या, नंतर आलेल्या टोसिससाठी मंजुरी मिळाली. परिणाम काही तासांचा, औषध रोज घालायचं. नाकात घालायचे तशाच नावाचे थेंब मेडिकलमधून आणून डोळ्यात घालू नका, ते डोळ्यासाठी बनवलेले नसतात.

पायरी ५: सर्जनला काय विचारायचं

पापणीच्या कामाचं वेगळं प्रशिक्षण असतं, त्याला ऑक्युलोप्लास्टी म्हणतात. मोतीबिंदूत हात बसलेला सर्जन पापणीतही तितकाच तरबेज असेल असं नाही, म्हणून या शाखेचं प्रशिक्षण आहे का, ते सरळ विचारा. कुणी रागावत नाही. रागावलं, तर तेही उत्तरच.

मग हे: माझ्या पापणीचा जोर किती मिलिमीटर? कुठली पद्धत, आणि तीच का? उंची चुकली तर दुरुस्ती कधी करणार, आणि तिचे पैसे वेगळे पडतील का? रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "ओपीडीच्या वेळेत या" असं असेल, तर दुसरीकडे बघा. का, ते आठव्या पायरीत येईल.

पायरी ६: आधीचे दोन आठवडे

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी लिहून न्या: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, सगळ्या. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने पापणीसाठी गोळ्या थांबवल्या आणि झटका आला, तर हिशेब कुठेच जुळत नाही. ज्यांनी त्या गोळ्या सुरू केल्या आणि जे ऑपरेशन करणार, ते दोन डॉक्टर आपसात बोलले पाहिजेत. फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल यांनीही रक्तस्राव वाढू शकतो. ही "औषधं नाहीत" म्हणून लोक सांगत नाहीत. काढे-चूर्ण घेत असाल तर तेही सांगा. रक्तदाब आणि साखर आटोक्यात आणा. तंबाखू-सिगारेटने जखम उशिरा भरते.

समोरून, वर बघताना, खाली बघताना आणि डोळे मिटून असे चार फोटो काढून ठेवा. पुढे "आधी असं नव्हतं" या वादात तेच कामाला येतात.

पायरी ७: टेबलावर

जागेपुरत्या भुलीत तुम्ही जागे असता. इंजेक्शन टोचतं, मग फक्त ओढल्यासारखं जाणवतं. टाका घातल्यावर सर्जन दिवा बाजूला करून डोळे उघडायला सांगतात, काही जण तर उठवून बसवतात, कारण आडवं असताना पापणीची उंची वेगळी दिसते. इथेही एक गंमत आहे. भुलीच्या औषधात मिसळलेलं ॲड्रिनलिन म्युलर स्नायूला चेतवून पापणी वर नेतं, तर भूल लिव्हेटरपर्यंत झिरपली की पापणी खाली येते. म्हणजे टेबलावर दिसणारी उंची खरी नसते, सर्जनला अंदाजाने ती वजा-अधिक करावी लागते. उंची चुकण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि दर वेळी ते हलगर्जीपणाचं असतं असं नाही. तुमच्याकडून एवढंच: सांगितल्यावर भुवई न उचलता, कपाळ सैल सोडून बघा. झोपेचं औषध फार दिलं तर हे जमत नाही, म्हणून ते बेताचंच मागा.

पायरी ८: पहिले ४८ तास

सूज, काळंनिळं पडणं, रक्ताळलेलं पाणी येणं हे अपेक्षित आहे. डोकं दोन उशांवर उंच ठेवा, जागेपणी थोड्या थोड्या वेळाने स्वच्छ कापडातून बर्फ लावा, दाब देऊ नका.

डोळ्यामागे रक्त साचणं हा दुर्मीळ पण दृष्टी घेणारा धोका याच काळात येतो, बहुतेकदा पहिल्या २४ तासांत. वाढतच जाणारं तीव्र दुखणं, पापणी दगडासारखी ताठ होणं, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं, उलटी, आणि नजर मंदावणं ही त्याची लक्षणं. डोळ्यामागचा दाब दीड-दोन तासांत उतरवला नाही, तर नजर कायमची जाऊ शकते. म्हणून पहिल्या संध्याकाळी जागे असाल तोवर तासातासाने दुसरा डोळा झाकून घड्याळ किंवा कॅलेंडर दिसतं का ते बघा. मलमाने थोडं धूसर दिसणारच, पण प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी दिसत असेल तर सकाळची वाट बघायची नाही. त्या रात्री रुग्णालयापासून चार तासांवरच्या गावी परतण्यापेक्षा शहरात नातेवाइकांकडे मुक्काम केलेला चांगला.

पायरी ९: पुढचे आठवडे

टाके साधारण आठवड्याने काढतात. वाकून काम, जड बादली उचलणं, सूर्यनमस्कार, शीर्षासन एक-दोन आठवडे बंद. काजळ, पोहणं आणि डोळे चोळणं, डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.

कोरडेपणासाठी दिवसा कृत्रिम अश्रू आणि झोपताना मलम. हे काही आठवडे, कधी काही महिने चालतं. बरं वाटतंय म्हणून आठव्या दिवशी सोडू नका. पंख्याचा झोत चेहऱ्यावर घेऊन झोपू नका. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली केल्याशिवाय निघू नका. चुलीचा धूर असलेल्या घरात शक्य तेवढे दिवस स्वयंपाक दुसऱ्या कुणी करावा. डोळा लाल, उजेड सोसवत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय: त्याच दिवशी दाखवायचं.

उंचीचं मात्र धीराने घ्या. सूज उतरायला दोनेक आठवडे लागतात आणि पापणी पूर्ण स्थिरावायला सहा आठवडे ते तीन महिने. रोज आरशापुढे पट्टी घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही. पापणी स्पष्टच जास्त वर गेली असेल, तर लवकर कळवा. पहिल्या एक-दोन आठवड्यांत टाका सैल करून किंवा सांगितलेल्या पद्धतीने खाली मालिश करून ती उतरवणं सोपं जातं. कमी उचलली गेली असेल, तर सर्जन बहुधा तीन महिने थांबायला सांगतील, आणि ते बरोबर आहे. पापणीचा दाब बदलला की चष्म्याचा तिरपा नंबरही बदलतो, त्यामुळे नवा चष्माही तोवर करू नका.

लहान मुलांचं वेगळं

मुलांत ऑपरेशनच्या धोक्यासोबत ते न करण्याचा धोकाही तोलावा लागतो. पापणीने बाहुली झाकली असेल, तर त्या डोळ्याला बघायची सवयच लागत नाही आणि तो आळशी होतो. अशा बाळाचं ऑपरेशन तान्हेपणीही करावं लागतं. बाहुली उघडी असेल तर साधारण ३ ते ५ वर्षांपर्यंत थांबतात, कारण तोवर मापं नीट देता येतात आणि मांडीचा पडदाही पुरेसा मिळतो. मूल हनुवटी वर करून बघतं का, हे घरी लक्षात घ्या. दूध पिताना किंवा चघळताना पापणी उघडझाप करत असेल, तर तेही सांगा. तो जबड्याच्या नसेशी जोडलेला वेगळा प्रकार आहे आणि त्याचं ऑपरेशन वेगळं.

मुलांना पूर्ण भूल लागते. उपाशी ठेवण्याची वेळ काटेकोर पाळा: साधारणपणे जेवण व वरचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. "रडत होता म्हणून एक बिस्कीट दिलं" हे लपवलं, तर भुलीत उलटी फुप्फुसात जाऊ शकते. ऑपरेशन झालं म्हणजे आळशी डोळा सुधारला असं नाही. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधणं पुढेही चालू राहतं.

विम्याचं

आपल्याकडच्या आरोग्य विम्यात सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते. वैद्यकीय गरज असेल तर ती बसू शकते. म्हणून नजरेच्या पटाची (समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं याची) चाचणी दोनदा करून घ्या, एकदा पापणी आहे तशी आणि एकदा चिकटपट्टीने वर उचलून. दोन्ही कागदांतला फरक, पापणीची मापं आणि फोटो जोडून आधीच मंजुरी मागा. जन्मजात दोषाचं कलम पॉलिसीत वेगळं असतं, ते दाखल होण्याआधी वाचा. डिस्चार्ज कार्डावर "पापणीची सौंदर्य शस्त्रक्रिया" असं लिहून आलं असेल, तर काउंटर सोडण्याआधीच दुरुस्त करून घ्या.